दगडी जोत्याची ओल आणि लोणा: गिलावा दर दोन वर्षांनी का गळतो आणि तो कसा थांबवायचा

घराला काळ्या दगडाचे जोते, त्यावर विटांची किंवा मातीची भिंत. दिवाळीच्या तोंडावर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि रंग होतो. होळी येईपर्यंत कमरेच्या उंचीवर रंगाला फुगे येतात, मग पोपडे सुटतात आणि भिंतीच्या कडेला झाडूने गोळा होईल एवढी पांढरी भुकटी पडू लागते. भिंतीतून खार फुटण्याच्या या प्रकारालाच लोणा म्हणतात. गवंडी पुन्हा येतो, खरवडतो, मसाल्यात ‘वॉटरप्रूफ’ घालतो. पुढच्या वर्षी ओल त्याच भिंतीवर वीतभर वर चढलेली असते. अमळनेर, पारोळा, चोपडा, यावल, रावेरच्या जुन्या गल्ल्यांत हा प्रकार इतका सर्रास आहे की ‘या घराला लोणाच आहे’ म्हणून लोक सोडून देतात. लोणा घराला जन्मतः नसतो. पाणी कुठून येते, खार कुठून येतो आणि दोघांना बाहेर पडायची वाट कोणी बुजवली, ही तीन उत्तरे मिळाली की पुढचे काम सरळ असते.

पाणी दगडातून चढत नाही

आपल्याकडचा घट्ट काळा दगड पाणी जवळजवळ पीतच नाही. वजनाच्या एक टक्क्याच्या आतबाहेर. जाळीदार किंवा मऊ मांजऱ्या दगड वापरला असेल तर जरा जास्त. पाणी चढते ते दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, आणि भिंतीच्या पोटातून. जुनी दोन फुटी भिंत म्हणजे बाहेरून एक दगडी तोंड, आतून एक तोंड, आणि मध्ये चिपा व मातीची भर. ही भर बहुतेक पांढरीची असते. काळी माती भिजली की फुगते आणि भिंत फोडते, म्हणून जुन्या कारागिरांनी पांढरी वापरली, आणि ते बरोबरच होते. पण गावठाणाची पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि गोमूत्र मुरलेली माती. ती खाराने भरलेली असते. घराच्या त्या भागात पूर्वी गोठा असेल तर विचारूच नका.

जमिनीतले पाणी या मातीतून दिव्याच्या वातीसारखे वर येते. साधारण तीन-चार फुटांवर चढण्याचा जोर आणि हवेत सुकण्याचा वेग यांचा मेळ बसतो, तिथे ओलीची रेघ दिसते. पाणी उडून जाते, खार मागे राहतो. गिलाव्याच्या बारीक छिद्रांत त्याचे खडे वाढतात आणि गिलावा आतून फोडतात. म्हणून पोपडे भर पावसाळ्यात फारसे पडत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हापासून मे महिन्यापर्यंत, भिंत सुकताना पडतात. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर गेला की सुकण्याचा वेग वाढतो आणि फुटण्याचाही.

सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग इथे उलटे काम करतात. खालच्या तीन फुटांतून बाहेर पडणाऱ्या वाफेची वाट बंद झाली की पाणी वर सरकते, जिथे सिमेंट संपते तिथे. जितक्या उंच सिमेंट लावाल तितकी ओल उंच. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे क्षार असतात, ते वेगळेच. टाइल्सचा डॅडो (भिंतीच्या खालच्या भागावरचे अस्तर) आणि कडाप्प्याची पट्टीही हेच करतात, फक्त जरा देखणेपणाने.

आधी ओलीची जात ओळखा

सगळी ओल जमिनीतून येते असे नाही, आणि चुकीच्या ओलीवर बरोबर उपाय केला तरी पैसे पाण्यातच.

रेघ भिंतभर साधारण एका उंचीवर असेल तर ती चढती ओल. एकाच ठिकाणी डाग असेल आणि पलीकडे न्हाणी, मोरी किंवा हौद असेल तर आधी गळतीचा संशय घ्या: मोरीत बादलीभर पाण्यात गडद नीळ कालवून ओता आणि दोन-तीन दिवस जोत्याच्या बाहेरच्या दरजा पाहा. बाहेरून फक्त खालचा फूट-दीड फूट काळपट असेल तर पत्र्याच्या पागोळ्या जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे आहेत. वळचणीला पन्हाळ बसवली की निम्मे काम झाले.

आर्द्रतेची ओल ओळखायला फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी टेपने पक्के चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे आले तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतल्या हवेचे आहे.

एक प्रकार फसवा असतो. जमिनीचे पाणी केव्हाच तुटलेले असते, तरी श्रावणात भिंत ओली दिसते आणि मार्गशीर्षात कोरडी. हे भिंतीत साठलेल्या खाराचे काम. मीठ जसे पावसाळ्यात बरणीत पाझरते, तसेच ते हवेतले पाणी ओढते. अशा भिंतीवर बाहेर कितीही खणकाम केले तरी फरक दिसणार नाही; खारच काढावा लागतो.

शंका राहिली तर भिंतीची ओल मोजता येते. दहा मिलिमीटरच्या बिटाने, ड्रिल अगदी सावकाश फिरवून (बिट तापला तर ओल तिथेच उडते), दरजेत २, ६ आणि १० इंच खोलीवरची भुकटी वेगवेगळ्या डब्यांत घ्या. प्रत्येकीतली २० ग्रॅम सोनाराच्या काट्यावर तोला. जळगावात असा काटा शोधावा लागत नाही. तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा तोला. एक ग्रॅमपेक्षा जास्त घट झाली, म्हणजे ५ टक्क्यांच्या वर ओल असली, तर भिंत ओली समजा. आतली भुकटी बाहेरच्यापेक्षा ओली निघाली तर पाणी चढते आहे. बाहेरचीच ओली आणि पोट कोरडे असेल तर खार किंवा हवा.

पांढरी भुकटीही तपासून घ्या. पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात विरघळली तर खार. तळाशी बसली आणि लिंबू पिळल्यावर फसफसली तर तो फक्त चुना, त्याची काळजी नको.

बाहेरचे पाणी तोडा

दुरुस्तीचा मोठा वाटा इथेच आहे, आणि इथेच लोक सर्वांत कमी खर्च करतात, कारण हे काम दिवाळीला पाहुण्यांना दिसत नाही.

तापीकाठी पाऊस फार नाही, वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. अडचण काळ्या मातीची आहे. उन्हाळ्यात ती आकसते आणि जोत्याला लागूनच हात जाईल एवढी भेग पडते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगेतून थेट पायाच्या तळाशी जातो. मग माती फुगते, भेग मिटते, आणि आत गेलेले पाणी कोंडून बसते. ते बाहेर यायला एकच रस्ता उरतो, तुमची भिंत.

दुसरे कारण गल्लीतले. जुन्या काँक्रीटवर नवे काँक्रीट पडत जाते आणि तीन फुटांचे जोते वीतभर उरते. वट्टा रस्त्याला टेकला की ओलीची रेघही तेवढीच घरात वर सरकते. नव्या रस्त्याचे काम चालू असतानाच भिंतीलगत नऊ इंच रुंदीची उघडी नाली सोडायला सांगा. नंतर फोडायला गेलात की भांडण होते.

तिसरे कारण उन्हाळ्यातले: खिडकीखाली वट्ट्यावर ठेवलेला कूलर. मार्च ते जून त्याचे गळणारे, बोअरचे, आटून आणखी खारट झालेले पाणी रोज एकाच दरजेत मुरते. कूलरखाली पत्र्याचा ट्रे आणि त्यातून नालीपर्यंत अर्ध्या इंचाची नळी, एवढ्यावर भागते. जोत्याला खेटून लावलेली केळ, पपई, कढीपत्ता निदान दहा फूट दूर न्या.

आता खणकाम. आधी जोत्यालगत दोन फूट बाय दोन फूट चाचणी खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते पाहा. जुन्या घरांचा पाया कधी पाच फूट असतो, कधी दीडच. पायाच्या तळाच्या निदान सहा इंच वर थांबा. एका वेळी चार-पाच फूट लांबीच खणा, मधली तेवढीच सोडा, पहिली भरून झाल्यावर मग ती घ्या. तीस फूट एकदम उघडली आणि रात्री अवकाळी आला तर भिंत बसते. हा धोका खरा आहे. काम डिसेंबर ते एप्रिल.

तीस फूट दर्शनी भिंतीसाठी हिशोब असा. चार फूट रुंद आणि दीड फूट खोल काळी माती काढायची, म्हणजे १८० घनफूट. मुरूम ठोकल्यावर बसतो, म्हणून सव्वादोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणा आणि सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी शिंपडून धुमसाने ठोका. काढलेली काळी माती परत भरू नका. गवंडी हटकून भरतो, तीच जवळ पडलेली असते.

भरण्याआधी उघडा पडलेला दगड तारेच्या ब्रशने घासा, सुटी माती काढा, दरजांत १:३ सिमेंट मसाला भरून वर अर्ध्या-पाऊण इंचाचा सलग गिलावा करा. मसाल्यात भारतीय मानक २६४५ चे वॉटरप्रूफिंग संयुग पिशवीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. जास्त घातल्याने जास्त काम करत नाही. सात दिवस पाणी मारून, सुकल्यावर डांबराचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. हे सगळे जमिनीच्या पातळीपर्यंतच. जमिनीखाली सिमेंट-डांबर चालते, कारण तिथून भिंतीला सुकायचे नसते. जमिनीच्या वर एक इंचही सिमेंट नको.

मुरमावर २५० मायक्रॉनचे काळे प्लास्टिक, त्यावर फरशी. उतार भिंतीपासून बाहेर, दर फुटाला निदान पाव इंच. चार फुटांना एक इंच. काळ्या मातीच्या शेजारी सलग काँक्रीटचा कोबा करण्यापेक्षा शहाबादी फरशी बरी. माती हलली की कोबा तडकतो आणि ती तड पुढे कायमची गळते. शहाबादी उचलून, मुरूम सारखा करून पुन्हा बसवता येते. कोबाच हवा असेल तर दर पाच फुटांवर सांधा सोडा. दोन्हींत भिंत आणि फरशी यांच्यामध्ये अर्धा इंच फट ठेवून ती सीलंटने भरा. फरशी भिंतीला सिमेंटने चिकटवली तर ती हलताना दगडाची कडा उचकटते.

घराची जागा बशीसारखी खोल असेल तर फरशीच्या बाहेरच्या कडेला, भिंतीपासून चार फुटांवर, पाझर नाली घ्या: फूटभर रुंद, दीड फूट खोल, तळाला चार इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप, छिद्रे खालच्या बाजूला, भोवती जिओटेक्स्टाइल कापड आणि २० मिलिमीटर खडी. तीस फुटांना खडी अर्धा ब्रास, उतार तीस फुटांत साडेतीन-चार इंच. पाइपचे तोंड गटारात किंवा खालच्या उतारावर उघडे निघालेच पाहिजे. काळ्या मातीत शोषखड्डा करून त्यात पाइप सोडणे म्हणजे घराशेजारी टाकी बांधणे. ही माती भिजल्यावर पाणी पीत नाही.

जाता जाता: बर्फाळ देशांत पायाला बाहेरून फोमचे जाड तक्ते लावतात, ते पाहून कुणी विचारतो. ते घरातली ऊब जमिनीत जाऊ नये म्हणून. आपल्याकडे उन्हाळ्याची आग छतातून येते, जोत्यातून नाही. उलट जमिनीतला फोम वाळवीला आयता बोगदा.

जमिनीच्या वर: दरजा

सिमेंटच्या दरजा, विशेषतः नागमोडी उठाव देऊन रंगवलेल्या, छन्नीने काढा. ग्राइंडर लावाल तर दगडाच्या कडा जातील. उठावाच्या पाठीवर पावसाचे पाणी थांबते आणि कडेच्या केसाएवढ्या फटीतून आत जाते, बाहेर मात्र येत नाही. दरज रुंदीच्या दुप्पट, निदान दीड इंच खोल उकरा, ब्रशने झाडा, पाण्याने ओली करा.

मसाला: एक घमेले चुना, एक घमेले सुरखी (कुटलेल्या विटांची भुकटी), दोन घमेली धुतलेली वाळू. नुसता कळीचा चुना ओल्या जागी घट्ट होत नाही, सुरखी त्याला बांधते. सुरखी भट्टीवरच्या कमी भाजलेल्या विटांची हवी. पडक्या घराच्या जुन्या विटा कुटू नका, त्या विटांतला लोणा तुमच्या भिंतीत येईल. वाळू गिरणेची असो वा तापीची, दोनदा धुवा. क्रश सँडची पावडर चुन्यात तडे आणते.

चुनकळी ताजी आहे का ते पाहायला एक खडा पाण्यात टाका. सळसळून, वाफ काढत फुटला पाहिजे. चुना लोखंडी ड्रममधल्या पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही, आणि प्लास्टिकची बादली तर नकोच. डोळ्यांना गॉगल. निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्या, लोण्यासारखा झाला की वापरा. वेळ नसेल तर भारतीय मानक ७१२ चा हायड्रेटेड चुना आणून रात्रभर भिजवा. तोंड उघडे पडलेली सफेदीच्या चुन्याची पिशवी बहुधा मेलेली असते.

रुंद दरजांत मसाल्याबरोबर दगडाच्या चिपा ठोका. दरज दगडाच्या तोंडाशी सपाट किंवा किंचित आत संपवा. वर ओले गोणपाट आठ-दहा दिवस. उन्हात चुना दोन तासांत सुकतो आणि भुकटी होतो. सुकणे आणि घट्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खार काढणे

जुना गिलावा ओलीच्या रेघेच्या निदान दीड फूट वरपर्यंत दगड-विटेपर्यंत काढा. पडलेला माल त्याच दिवशी बाहेर न्या. अंगणात ढीग ठेवलात तर पहिल्या पावसात खार परत जोत्यात. भिंत कोरड्या ब्रशने झाडा. पाइप लावून धुतली की खार विरघळून पुन्हा आत जातो.

मग लेप. मुलतानी माती एक भाग, न छापलेल्या कागदाचा लगदा एक भाग, बारीक धुतलेली वाळू दोन भाग, पाणी आरओचे किंवा साठवलेले पावसाचे. बोअरच्या पाण्याने लेप करणे म्हणजे मिठाने मीठ धुणे. अर्धा-पाऊण इंच जाडीने दाबून लावा. दोन-तीन आठवड्यांत तो सुकतो, तडकतो आणि खार घेऊन सुटतो. दोनदा करा, गोठ्याची भिंत असेल तर तीनदा. शेवटच्या लेपाचा तुकडा पाण्यात भिजवून ते पाणी बशीत आटवा. बशीत पांढरी कडा जवळजवळ दिसली नाही की पुरे.

गिलावा

भिंत सुकण्याचा ढोबळ हिशोब जाडीच्या इंचाला महिना. खान्देशच्या उन्हाळ्यात थोडे लवकर होते, पण दोन फुटी भिंतीला एक उन्हाळा पुरत नाही. तोवर ती उघडी ठेवणे जमत नसेल तर सरळ ‘बळीचा गिलावा’ करा: चुना एक, सुरखी अर्धा, जाड वाळू तीन भाग, भुसभुशीत. तो खार ओढून दोन-तीन वर्षांत खराब होईल, मग काढून टाकायचा. तीस फूट बाय चार फुटांना पाऊण इंच जाडीचा आणि खाचखळगे भरून साधारण ११-१२ घनफूट वाळू, चार घनफूट चुना आणि दोन घनफूट सुरखी लागते. वर फक्त चुन्याची सफेदी. पुट्टी, पीओपी, ‘डॅम्प प्रूफ’ रंग यांतले काहीही नको. पीओपी तर पाण्यात स्वतःच विरघळतो.

इंजेक्शनचे काय?

दरजांत भोके पाडून सिलेन-सिलॉक्सेनचे (पाणी झटकणाऱ्या रसायनाचे) क्रीम भरण्याचा उपाय विटांच्या भिंतीत चांगला चालतो: १२ मिलिमीटरची भोके, १२ सेंटिमीटर अंतरावर, पलीकडच्या तोंडाच्या चार सेंटिमीटर अलीकडेपर्यंत. दगडी जोत्यात मातीची भर असेल तर क्रीम पोकळीत सांडते आणि सलग थर होतच नाही. जोत्यावर विटांची भिंत असेल तर विटांच्या पहिल्या थराखालच्या आडव्या दरजेत करा, तिथे पैसे वसूल होतात. दगडात करून देतो म्हणणाऱ्याला आधी भर कशाची आहे ते विचारा. उत्तरावरून कळेल.

आतली फरशी

मातीची जमीन काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्यावर दोन पावसाळ्यांत लोणा सुरू झाला, असे अनेक घरांत होते. पूर्वी जमिनीची वाफ खोलीभर पसरून उडायची. आता ती टाइलखालून भिंतीकडे सरकते. सगळी टाइल काढायची गरज नाही. भिंतीलगतची सहा इंच पट्टी कापा, खालचे सिमेंट फोडा, चार इंच खोल ४० मिलिमीटरची खडी भरा आणि वर चुन्यात बसवलेली शहाबादीची पट्टी, सांधे चुन्याचे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल, जिथे बाहेरून खणणे शक्यच नाही, तिथे हा एकच उपाय हातात राहतो. पलीकडची न्हाणी तिथे असेल तर निळीची परीक्षा त्यांच्या मोरीत, त्यांना सांगून.

कामाचा क्रम असा ठेवा: नोव्हेंबरात जुना गिलावा आणि सिमेंटच्या दरजा काढणे, डिसेंबर-जानेवारीत खणकाम, मुरूम आणि दरजा, फेब्रुवारीत लेप, मार्च ते मे भिंत उघडी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ओलीच्या रेघेवर खडूने तारखेसह खूण करा. रेघ खाली येत असेल तर दिवाळीला बळीचा गिलावा आणि सफेदी. तिथेच थांबली असेल तर मोरी आणि नालीचे तोंड पुन्हा तपासा. रंगाचा विचार त्याच्या पुढच्या दिवाळीला.